सामान ठेवायचे कुठे?



आज मी एका साध्या प्रश्नाविषयी बोलणार आहे. विद्युत्‌कणांवर चालणारी उपकरणे, म्हणजे ज्यांना आपण सर्रास इलेक्ट्रॉनिक वस्तू म्हणतो, त्या जिथे तयार होतात तिथे कच्चा माल आणि तयार माल ठेवायला जागा किती लागते व ती कशी ठरवावी, असा तो प्रश्न आहे. तुम्ही म्हणाल, हा तर कारखानदारांचा विषय, आम्हां शेतकऱ्यांना आणि शिक्षकांना त्याचे काय? मलाही तसेच वाटत होते. मी अर्थशास्त्राचा मास्तर. मालाचा साठा किती असावा याचे सूत्र गेली अनेक वर्षे मी फळ्यावर लिहीत आलो आहे. परंतु फूटपट्टी घेऊन एखादी खोली मोजण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. ती आली अकोल्याच्या जठारपेठेत, माझ्या घरापासून चार घरे सोडून.

तिथे एक तरुण राहतो. त्याने तंत्रनिकेतनातून पदविका घेतली आणि नोकरीची वाट न पाहता घरातच झटका यंत्रे तयार करायला सुरुवात केली. झटका यंत्र आपल्या वऱ्हाडात आता सर्वांना माहीत आहे. शेताभोवती तार ओढायची, तिच्यात क्षणभर टिकणारा, प्राण न घेणारा विजेचा झटका सोडायचा, म्हणजे रोही आणि रानडुकरे पिकात शिरत नाहीत. या यंत्रात काय काय असते? एक पत्र्याची पेटी, एक बॅटरी, सोबत सूर्यप्रकाशावर चालणारे पॅनल, आणि पेटीच्या आत पोस्टकार्डाएवढा हिरवा सर्किट बोर्ड. कोरे बोर्ड आणि सुटे भाग तो बाहेरून मागवतो. बोर्डावर भाग बसवून डाग देण्याचे काम त्याच्या घरच्या बैठकीत दोन मुली करतात. हंगामात दिवसाला वीस यंत्रे तयार होतात.

एके संध्याकाळी तो माझ्याकडे आला. म्हणाला, "काका, एक गोडाऊन भाड्याने घ्यायचं आहे. महिना सात हजार भाडं आहे, वरून अनामत रक्कम. बँकेचं कर्ज काढतो. तुम्ही जामीन राहाल का?"

मी विचारले, "घरात जागा नाही का?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "जागा नव्हती, म्हणून तर सगळं झालं."

काय झाले होते ते ऐका. मार्च महिन्यात पेट्या तयार करणाऱ्याने त्याला सांगितले की, एकदम हजार पेट्या घेतल्या तर पेटीमागे दोन रुपये सूट मिळेल. याने हजार पेट्या उचलल्या. दोन हजार रुपये वाचले. पण पेटी फूटभर लांब, फूटभर रुंद आणि फूटभर उंच. पाच-पाचच्या थरांनी रचल्या तरी हजार पेट्यांना दोनशे चौरस फूट जमीन लागते. याच्याकडे मागच्या बाजूला दहा बाय बाराच्या दोन खोल्या, म्हणजे एकेक खोली एकशेवीस चौरस फुटांची. एक खोली पेट्यांनी भरली, दुसरीही बरीचशी भरली. मग कोऱ्या बोर्डांचे गठ्ठे आणि बॅटऱ्या अंगणातल्या टिनाच्या शेडमध्ये गेल्या. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांपर्यंत चढतो, त्या दिवसांत टिनाखाली काय होत असेल ते सांगायला नको. पुढे जूनमध्ये पाऊस आला. गठ्ठ्यांची बंद पाकिटे कुणीतरी आधीच फोडून ठेवली होती. दमट हवा बोर्डांना लागली आणि त्यांच्यावरचा डाग धरण्याचा गुण कमी झाला. डाग वरून चकचकीत दिसे, पण आत पकड नसे. त्यातच एका गावच्या शेतकऱ्यांची तीनशे यंत्रांची मागणी आली. यंत्रे गेली, तारा लागल्या, आणि ऑगस्टमध्ये एकेक यंत्र बंद पडू लागले. एका शेतकऱ्याचा मूग शेंगांवर आला होता. यंत्र रात्री बंद पडले, आणि सकाळपर्यंत रोह्यांच्या कळपाने दोन एकर मूग साफ केला.

तीनशे यंत्रे परत आली. ती त्याने स्वतःच्या पैशाने दुरुस्त करून दिली. पण मूग कोण परत देणार?

हे ऐकून मी त्याला म्हणालो, "जामीन राहायचं की नाही ते मी नंतर सांगतो. आधी आपण दोघं मिळून मोजू."

दुसऱ्या दिवशी आम्ही मोजायला बसलो. त्याची आई दारात उभी होती. बाई खेड्यात वाढलेली, कणग्या-बळदांच्या घरातली. सगळा पसारा बघून ती म्हणाली, "मांगच्या सालची तूर खाली अन् यंदाची वरतं टाकली, तं खालची कधी निघन बाप्पा? अन् मिठाचं मडकं कोणी पावसात उघडं ठेवते काय?"

श्रोतेहो, मोठमोठ्या कारखान्यांत कोठारांचे जे शास्त्र चालते, त्यातला निम्मा भाग या दोन वाक्यांत आला आहे. जो माल आधी आला तो आधी निघाला पाहिजे, हे एक. आणि ज्या वस्तूला जे सोसत नाही त्यापासून तिला दूर ठेवले पाहिजे, हे दुसरे. उरलेला निम्मा भाग म्हणजे हिशेब.

साठवणीचे हे शास्त्र वऱ्हाडाला नवे नाही. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तेव्हा विलायतेला तिथला कापूस मिळेना आणि आपल्या कापसाला मागणी वाढली. सुटा कापूस म्हणजे फुगलेला ढग. तो गाडीत भरला तर वजन थोडे आणि जागा फार. म्हणून कापूस दाबून त्याच्या गाठी बांधणारे प्रेस आले. आज आपल्याकडची गाठ 170 किलोची धरतात. पुढे 1957 साली केंद्रीय वखार महामंडळ स्थापन झाले. त्याने आरंभी देशात ज्या सात ठिकाणी वखारी उघडल्या, त्यांत आपले अमरावती होते. अशा वखारीत पोती जमिनीला टेकवत नाहीत, लाकडी फळ्यांवर रचतात. भिंतीपासून हातभर अंतर सोडतात आणि थप्प्यांच्या मधून माणूस फिरेल एवढी वाट ठेवतात. इलेक्ट्रॉनिक कारखान्याचे कोठार पाहिले तर हेच नियम तिथेही दिसतील. फरक एवढाच की, तिथल्या वस्तू धान्याहून कितीतरी नाजूक असतात आणि आकाराने एकमेकींपासून फार वेगळ्या असतात.

आता हा फरक नीट समजून घेऊ. फ्रिज किंवा धुलाई यंत्र डोळ्यांपुढे आणा. पुण्याहून अहिल्यानगरकडे जाताना रांजणगावची औद्योगिक वसाहत लागते. एलजी कंपनीचा तिथला कारखाना 2004 सालचा. त्याच रांजणगावच्या तिसऱ्या टप्प्यात इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या उत्पादनासाठी खास वसाहत उभारण्यास केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये मान्यता दिली. सुमारे 297 एकर जागा आणि 492 कोटी 85 लाख रुपयांचा तो प्रकल्प आहे. असे आकडे ऐकले की वाटते, एवढी जागा लागते तरी कशाला? पण फ्रिज म्हणजे आत काय? बहुतेक हवाच. तयार फ्रिज खोक्यात घातला की कपाटाएवढी जागा अडवतो. आणि त्याला चालवणारी चिप? ती नखाएवढी. रेझिस्टर नावाचा जो बारीक भाग असतो, तो पाच हजारांच्या संख्येने सात इंच व्यासाच्या एका रिळावर गुंडाळून येतो. म्हणजे वर्षभराच्या चिपा एका कपाटात मावतात, आणि एका दिवसाचे फ्रिज ठेवायला मोठी शाळा पुरत नाही.

यावरून काय ठरते? जागा खाणारी वस्तू एक असते, आणि काम अडवणारी वस्तू दुसरीच असते. 2021 साली जगभर चिपांची टंचाई झाली. तेव्हा महिंद्रा कंपनीने सप्टेंबर महिन्यात सुमारे सात दिवस उत्पादन बंद ठेवावे लागेल आणि उत्पादन 20 ते 25 टक्क्यांनी घटेल असे जाहीर केले होते. नाशिक-चाकणकडे पोलाद होते, टायर होते, कामगार होते. अडले ते नखाएवढ्या भागावाचून. जपानची टोयोटा कंपनी कोठारात माल साठवू नये, लागेल तेव्हाच आणावा, या पद्धतीसाठी प्रसिद्ध आहे. पण 2011 च्या भूकंपात तिचे सुट्या भागांवाचून हाल झाले. त्यानंतर तिने आपल्या पुरवठादारांना चिपांचा दोन ते सहा महिन्यांचा साठा ठेवायला लावला. या साठ्यामुळे 2021 च्या टंचाईत ती इतरांपेक्षा अधिक काळ तगली. अखेर तिलाही उत्पादन कमी करावे लागले, हे खरे. तरी धडा स्पष्ट आहे. जी वस्तू लहान आहे, दूरवरून येते आणि जिच्यावाचून काम थांबते, तिचा साठा महिनोगणती ठेवावा. जी वस्तू मोठी आहे, स्वस्त आहे आणि जवळच मिळते, ती थोडी थोडी आणि वारंवार आणावी.

आमच्या तरुणाने नेमके उलट केले होते. एमआयडीसीत तयार होणाऱ्या पेट्या हजार आणल्या, आणि दूरवरून येणारे बोर्ड टिनाखाली ढकलले.

आता हिशेब सांगतो. शिक्षक मंडळींनी तो मुलांकडून फळ्यावर करून घ्यावा. सूत्र सोपे आहे. एखादी वस्तू रोज किती लागते आणि ती आपल्याकडे जास्तीत जास्त किती दिवस थांबणार, यांचा गुणाकार केला की जास्तीत जास्त किती नग एका वेळी असतील ते कळते. त्याला थरांच्या संख्येने भागले की थप्प्या किती ते मिळते. एका थप्पीला लागणाऱ्या जागेने गुणले की जमीन मिळते. आणि त्यात माणसाने फिरण्याची वाट मिळवायची. ही वाट विसरली की सगळा हिशेब फसतो.

पेट्यांचे पाहू. रोज वीस यंत्रे, आठवड्याचे कामाचे दिवस सहा. पेट्या आठवड्याला एकदा आणल्या तर एकशेवीस. गाडी चुकली, सण आला, म्हणून तीन दिवसांच्या साठ जास्त. एकूण एकशेऐंशी. पाच थर धरले तर छत्तीस थप्प्या, म्हणजे छत्तीस चौरस फूट. तेवढीच वाट धरली तर बहात्तर. कुठे दोनशे, आणि कुठे बहात्तर! तीही वाटेसह. त्याच खोलीत अठ्ठेचाळीस चौरस फूट शिल्लक राहिले. त्यात बॅटऱ्या आणि पॅनले बसली.

तयार यंत्रांचे खोके दीड फूट लांब आणि एक फूट रुंद. दहा दिवसांचे दोनशे खोके. पाच थरांच्या चाळीस थप्प्या, म्हणजे साठ चौरस फूट, आणि वाट तीस. हे झाले नव्वद. दुसऱ्या खोलीत ते मावले आणि वर तीस चौरस फूट उरले. तिथे लोखंडी कपाट ठेवायचे, बोर्ड आणि चिपा यांसाठी. बोर्ड 1.6 मिलिमीटर जाडीचा असतो. हजार बोर्ड एकावर एक ठेवले तर उंची 1.6 मीटर, म्हणजे कपाटाच्या एका कप्प्यात आठ-दहा चळती. तीन महिन्यांच्या दीड हजार चिपांचे रीळ जेवणाच्या ताटाएवढे. कागदावरची बेरीज पाहून तो माझ्याकडे आणि मी त्याच्याकडे बघत राहिलो. गोडाऊनची गरजच नव्हती.

परंतु मंडळी, जागा पुरली म्हणजे काम संपले असे नाही. कोणती वस्तू कशाने बिघडते, हे ठरवल्याशिवाय तिची जागा ठरत नाही. तीन शत्रू मुख्य आहेत.

पहिला शत्रू ओल. ज्वारीची लाही कशी फुटते? दाण्याच्या आत ओलावा असतो, तापल्यावर त्याची वाफ होते, आणि वाफेला वाट मिळाली नाही की दाणा फुटतो. चिपचे तसेच आहे. तिचे काळे आवरण हवेतली ओल हळूहळू पिते. मोठ्या कारखान्यात बोर्ड भट्टीतून जातो, तिथे उष्णता सुमारे 245 अंशांपर्यंत जाते, आणि आतल्या ओलीची वाफ होऊन चिप फुटते. इंग्रजीतही या बिघाडाला लाहीचेच नाव आहे. म्हणून चिपा ओल न शिरणाऱ्या पाकिटांत, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह येतात. पाकीट फोडल्यावर ती चिप किती वेळ बाहेर राहू शकते, हेही ठरलेले असते. नेहमीच्या एका वर्गाच्या चिपांना ही मुदत 168 तासांची, म्हणजे बरोबर सात दिवसांची असते, आणि तीही हवा 30 अंश व आर्द्रता 60 टक्क्यांच्या आत असेल तर. मुदत टळली की चिप पुन्हा शेकून कोरडी करावी लागते. यावरून पाहा, कोठारात फक्त जागा मोजून चालत नाही, पाकीट कधी फोडले ती तारीख आणि वेळही लिहावी लागते.

दुसरा शत्रू अंगातली वीज. कोरड्या हवेत लोकरी सदरा काढताना चटचट आवाज येतो, ती ही वीज. आपल्याला ती जाणवायला साधारण तीन हजार व्होल्ट लागतात. पण काही नाजूक भाग शंभर व्होल्टच्या आतच मरतात, आणि मेलेले दिसतही नाहीत. म्हणून असे भाग साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत किंवा थर्माकोलवर ठेवू नयेत. त्यांच्यासाठी खास पिशव्या व खोकी मिळतात. हाताळणाऱ्याने मनगटाला जमिनीशी जोडलेला पट्टा बांधावा. यात एक पेच आहे. हवा फार दमट नको, कारण ओल. आणि फार कोरडीही नको, कारण ही वीज. म्हणून अशा कोठारात आर्द्रता साधारण 40 ते 60 टक्के ठेवतात, आणि ओलीला फार हळव्या चिपांसाठी वेगळे कोरडे कपाट असते.

तिसरा शत्रू उष्णता. बॅटरी नुसती पडून असली तरी हळूहळू उतरते. उष्णता दहा अंशांनी वाढली की उतरण्याचा वेग जवळजवळ दुप्पट होतो. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली तर तिच्या शिशाच्या पत्र्यांवर थर बसून ती कायमची अधू होते. तेव्हा बॅटरी घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात, लाकडी फळीवर ठेवावी, तारखेची चिठ्ठी लावावी, आणि पाठवण्यापूर्वी भरून घ्यावी.

आणखी एक जागा मुद्दाम राखून ठेवावी लागते, ती नापास मालासाठी. ही जागा फार लोक विसरतात. परत आलेले यंत्र आणि नवे यंत्र एकाच थप्पीत गेले की फसगत ठरलेली. आमच्या तरुणाने एका कोपऱ्यात जमिनीवर लाल रंगाचा चौकोन आखला आहे. त्यातली वस्तू त्याच्या परवानगीशिवाय कुणी उचलायची नाही. आणि एका यंत्राचे सगळे सुटे भाग आदल्या संध्याकाळी एकेका तबकात मांडून ठेवतात, आपण पूजेचे ताट मांडतो तसे. सकाळी डाग देणाऱ्या मुली शोधाशोध न करता कामाला लागतात, आणि तबकात काही कमी असेल तर ते रात्रीच कळते.

मोठ्या कारखान्यात याच गोष्टी मोठ्या प्रमाणावर असतात. गाडी उतरवण्याची जागा, तपासणीची जागा, नापास मालाची जागा, कोठार, कामाची रांग, तयार माल आणि रवानगी, अशी साखळी असते. माल एका बाजूने आत यावा आणि दुसऱ्या बाजूने बाहेर जावा, मध्ये उलटे फिरावे लागू नये, असा तिचा कटाक्ष असतो. म्हणून यंत्रे बसवण्याच्या आधी कोठाराचा नकाशा काढतात. आपण मात्र बहुधा यंत्र आधी आणतो, आणि सामान जिथे रिकामे दिसेल तिथे कोंबतो.

श्रोतेहो, मी जामीन राहिलो नाही, कारण कर्ज काढण्याची वेळच आली नाही. त्याने एक कपाट आणि ओल मोजण्याचे एक लहान यंत्र घेतले. उरलेल्या पेट्या संपेपर्यंत एक हंगाम गेला, मग खोल्या मोकळ्या झाल्या. टिनाच्या शेडमध्ये आता रिकामे पुठ्ठे आणि सायकल असते. पुढच्या पावसाळ्यात गेलेल्या यंत्रांपैकी डाग सुटल्यामुळे एकही परत आले नाही. ज्यांचा मूग गेला त्या शेतकऱ्याकडे तो स्वतः जाऊन नवे यंत्र बसवून आला. त्यांनी ते घेतले. मात्र पहिल्या वर्षी ते रोज रात्री स्वतःही जागलीला जात होते, आणि त्याबद्दल त्यांना दोष देता येणार नाही.

शिक्षक बंधु-भगिनींना एक विनंती करून थांबतो. तुमच्या शाळेत प्रयोगशाळेचे कपाट असेल, पोषण आहाराच्या धान्याची खोली असेल. एका शनिवारी मुलांना तिथे घेऊन जा. वहीत चार रकाने आखायला सांगा: वस्तू कोणती, रोज किती लागते, किती दिवस थांबते, आणि कशाने बिघडते. मग फूटपट्टी देऊन जागा मोजायला लावा. हे गणित मी वर्गात फळ्यावरच संपवत आलो. उद्या तुमच्या गावातलाच एखादा मुलगा असा छोटा कारखाना काढील, तेव्हा त्याने हे गणित एकदा तरी हाताने केलेले असू द्या.